गिफ्ट, विष आणि औषध

१. ओळखीचा शब्द दिसला की आधी हात मागे घ्यावा. जर्मनीतला माझा पहिलाच हिवाळा. सायकल ठेवायला तळघरात गेले, तर भिंतीला टेकून एक काळं खोकं. त्यावरच्या लांबलचक शब्दातलं मला फक्त शेवटचं 'गिफ्ट' वाचता आलं. अडीच वर्षांची लेक तिकडे धावली आणि जिन्यावरून शेजारच्या आजी ओरडल्या. ते उंदीर मारायचं विष होतं. जर्मनमध्ये 'गिफ्ट' म्हणजे विष. आजही आठवलं की अंगावर काटा येतो.

२. अर्थ उलटा दिसला तरी मूळ शोधावं. 'गिफ्ट'चं मूळ 'देणं' हेच. ग्रीकमध्ये 'डोसिस' म्हणजे देणं, आणि वैद्याने दिलेली मात्राही. जर्मनांनी त्याच धर्तीवर 'गिफ्ट' वापरला आणि विषाचं नाव तोंडाने घेणं टाळलं. ही 'डोसिस' आपल्या 'दान'ची सख्खी बहीण आहे, दोघींचा धातू एकच. हे कळलं त्या दिवशी मला फार आनंद झाला होता.

३. जर्मन शिकताना शब्दाचं लिंगही पाठ करावं. विष या अर्थाचा 'गिफ्ट' नपुंसकलिंगी, पण 'मिटगिफ्ट' स्त्रीलिंगी. 'मिटगिफ्ट' म्हणजे मुलीला लग्नात दिलेलं धन. जुना अर्थ तिथे शाबूत आहे.

४. शेजारच्या भाषांनाही विचारावं. स्वीडिश, डॅनिश, नॉर्वेजियनमध्ये 'गिफ्ट' म्हणजे विष, आणि 'लग्न झालेला' किंवा 'झालेली'सुद्धा. कारण मुलगी 'दिलेली' असते. माझी आजीही म्हणायची, "धाकटीला साताऱ्यात दिली." डचांनी वाटणी केली: 'खिफ' विष, 'खिफ्ट' देणगी. इंग्रजीत जुन्या काळी हा शब्द वधूसाठी मोजलेल्या किमतीचा होता. भेटवस्तूचा अर्थ उत्तरेकडच्या नॉर्स लोकांकडून आला.

५. परभाषेचं नवल करण्याआधी आपल्या घरात ऐकावं. त्या खोक्याची गोष्ट मी आईला फोनवर सांगितली, तेव्हा ती पटकन म्हणाली, "म्हणजे उंदराचं औषध!" मी गप्पच झाले. कपाशीवर फवारतात तेही आपल्याकडे औषधच. गावाकडे कुणी जिवाचं बरंवाईट करून घेतलं, तर माणसं आवाज खाली आणून एवढंच सांगतात: "औषध घेतलं."