प्रिंटर वायरने जोडावा की वायफायवर?



ऊसनोंदणीसाठी कोरपना भागात फिरताना हल्ली उसाबरोबर दुसराच प्रश्न कानावर येतो. पोरांच्या शिक्षणासाठी संगणक घेतला, सातबारा नि पीककर्जाचे कागद काढायला प्रिंटर घेतला. आता तो जोडावा कसा? परवा एक सभासद म्हणाले, "साहेब, दुकानदार तर वायफायवालाच घ्या म्हणते."

मागील साली माझीच फजिती झाली. सकाळी नोंदणीच्या याद्या द्यायच्या होत्या आणि रात्री वीज जाऊन आली. प्रिंटर चालू, राऊटर चालू, संगणक मात्र म्हणे 'प्रिंटर ऑफलाइन'. राऊटर घरातल्या प्रत्येक यंत्राला नंबर देतो. बंद पडून चालू झाला की तो नंबर बदलू शकतो, आणि संगणक जुन्याच नंबरावर हाका मारीत बसतो. शेवटी शेजाऱ्याकडून यूएसबी वायर आणली, तेव्हा याद्या निघाल्या. पुढे जाणत्या माणसाकडून राऊटरमध्ये प्रिंटरचा नंबर कायम करून घेतला. तेव्हापासून ती तक्रार नाही.

तेव्हा संगणक एकच आणि प्रिंटर त्याच टेबलावर असेल, तर सरळ वायर लावावी. मात्र साधी यूएसबी वायर 5 मीटरपर्यंतच भरवशाची. लॅनची वायर 100 मीटर चालते, पण प्रिंटरला तिचे छिद्र हवे. घरापासून शेतातल्या खोलीपर्यंत उघड्यावरून तांब्याची वायर ओढू नये. जवळपास वीज पडली तर दोन्ही टोकांची यंत्रे जळू शकतात. शिवाय उंदीर आहेतच!

वारणानगरच्या साखर कारखान्याच्या परिसरात 1998 साली सुमारे 70 गावांसाठी 'वायर्ड व्हिलेज' प्रकल्प सुरू झाला. गावोगावी संगणक बसले. पुढे मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी पाहिले, की सभासद मुख्यतः आपला ऊस किती गेला, खत किती उचलले, एवढेच विचारतात. म्हणून सात गावांत तीच माहिती मोबाइलच्या एसएमएसवर देऊन पाहिली. हा प्रयोग 2007 साली प्रसिद्ध झाला.

आपल्या घरीही हेच पाहावे. कागद मोबाइलवर येत असतील आणि घरातील चौघे छापत असतील, तर बिनतारी सोयीचे. त्यासाठी नेटचा रिचार्ज लागतोच, हा गैरसमज आहे. रिचार्ज संपला तरी घरातल्या घरात छपाई होते. राऊटरला वीज तेवढी हवी. पुष्कळ स्वस्त प्रिंटर 2.4 गिगाहर्ट्झचेच वायफाय पकडतात, 5 चे नाही. जाड भिंत किंवा टिनाचा पत्रा मध्ये आला की जोर कमी होतो. राऊटर लोखंडी कपाटामागे ठेवू नये. पासवर्डही लावावा.

बहुतेक वायफाय प्रिंटरांना यूएसबीचे छिद्रही असते. घेताना ते पाहून घ्यावे आणि दोन मीटरची वायर त्याच वेळी आणून ठेवावी. खोक्यात ती पुष्कळदा नसते.

— ऊस विकास अधिकारी