आयता गहू

१. देणाऱ्याचीही अडचण असते, हे मला फार उशिरा उमगलं. लहानपणी रेशनचा लाल गहू म्हणजे अमेरिकेची मेहरबानी, असं घरात बोललं जाई. आई मात्र पोळ्या वातड होतात म्हणून कुरकुरायची. पुढे वाचलं, १९५४ चा ‘पीएल ४८०’ कायदा तिथल्या शेतकऱ्यांचं कोठारात न मावणारं धान्य खपवायलाही होता.

२. तो गहू फुकटही नव्हता. किंमत रुपयांत द्यायची आणि ते रुपये भारतातच साठायचे. त्यांतून १९६२ पासून अमेरिकी ग्रंथालयांसाठी भारतीय भाषांतली पुस्तकं घेतली गेली. इथे धुंडाळून न मिळणारं मराठी पुस्तक शिकागोच्या विद्यापीठात का सापडतं, याचं उत्तर आमच्या वातड पोळीत होतं! साठलेल्यांपैकी १,६६४ कोटी रुपये अमेरिकेने १९७४ साली एकाच धनादेशाने परत केले.

३. अध्यक्ष जॉन्सन यांचा राग मी वर्षानुवर्षं जपला. १९६५-६६ च्या दुष्काळात ते गहू हात आखडून, थोडा थोडा सोडत. शेतीधोरण बदला हा आग्रह, त्यात व्हिएतनाम युद्धावरची आपली टीका त्यांना झोंबलेली. पण १९६६ मध्ये कृषिमंत्री सी. सुब्रमण्यम यांनी मेक्सिकोहून १८,००० टन गव्हाचं बियाणं आणवलं, त्यामागे हा चटकाही असणार. हे लिहिताना अजून जिवावर येतं.

४. डोळे उघडले ते दुधाने. युरोपात दूधभुकटी पडून होती. ती आपल्या शहरांत स्वस्तात ओतली असती, तर गावच्या म्हशीचं दूध कोण घेणार? वर्गीस कुरियन यांनी १९७० पासून ‘ऑपरेशन फ्लड’मध्ये दान आलेली भुकटी डेअऱ्यांना रीतसर पैसे घेऊन दिली, तिचं दूध मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रासमध्ये विकलं गेलं. आलेला पैसा दूधसंघ, शीतकरण केंद्रं, टँकर यांत घातला. मी तोवर मदत टनांत मोजत होतो. पहाटे दूध घालायला किटली घेऊन रांगेत उभी असलेली बाई पुढच्या बाईला विचारते, ‘‘किती फॅट लागलं गं?’’ त्यावर तिच्या दुधाचा भाव ठरतो. हे माप मला सुचलंच नव्हतं.

५. देणारे झालो की आपणही फुगतो. २०२२ साली भारताचा गहू पाकिस्तानमार्गे अफगाणिस्तानात निघाला, तेव्हा ट्रकांची रांग टीव्हीवर पाहून माझी छाती जॉन्सनइतकी रुंद झाली. तिथल्या शेतकऱ्याच्या गव्हाला त्या हंगामात काय भाव मिळेल, हा प्रश्न दुसऱ्या दिवशी सुचला.