हौशी चित्रकाराचा शरद

‘हौशी’ या शब्दाला आपल्या मराठीत दोन चेहरे आहेत. नाटकाच्या बाबतीत तो मानाचा शब्द आहे. राज्य शासनाची हौशी नाट्यस्पर्धा असते, तिचे निकाल वर्तमानपत्रात येतात आणि त्यातून पुढे आलेले नट आपण कौतुकाने सांगतो. चित्राच्या बाबतीत मात्र ‘हौशी’ म्हटले की ‘वेळ जात नाही म्हणून काढतो’ असा अर्थ घेतला जातो. आणि तो चित्रकार जर स्वयंपाकघरात वावरणारी बाई असेल, तर तिला हौशी चित्रकार असेही कोणी म्हणत नाही. तिने पाटावर हत्ती काढला तर ती चाल, दारात कमळ काढले तर ती रीत. अशा चित्रांचा ऋतूशी, अन्नाशी आणि परसातल्या झाडांशी कसा संबंध असतो, हे पाहण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

प्रथम ऋतूचा घोळ सोडवायला हवा. इंग्रजीच्या तासाला आपण कीट्सची १८१९ सालची ‘टू ऑटम’ ही कविता शिकतो आणि ‘ऑटम’ म्हणजे शरद असे वहीत लिहून घेतो. कॅलेंडरवरच्या विलायती चित्रांत ऑटम म्हणजे लाल-पिवळी पाने आणि त्यांचा जमिनीवर पडलेला सडा. आपला शरद आश्विन-कार्तिकातला. त्या वेळी आपल्याकडे पान गळत नाही. पावसाने धुतलेले पान उलट अधिकच हिरवे दिसते. आपली पानगळ शिशिरातली, माघ-फाल्गुनातली. त्यामुळे एखाद्या नाशिककर विद्यार्थ्याने ‘शरद’ या विषयावर लाल पानांचे झाड रंगवले, तर ते चित्र कितीही सुबक असले तरी त्याने ते खिडकीतून पाहिलेले नाही, कॅलेंडरवरून घेतले आहे, असेच म्हणावे लागेल. आपल्या शरदाचे रंग वेगळे आहेत. इगतपुरी-त्र्यंबकच्या बाजूला खाचरात भात पिकू लागलेला असतो, उतारावर खुरासणीची पिवळी फुले आलेली असतात, बाजारात झेंडूचे ढीग असतात. हवेतली धूळ पावसाने बसवलेली असल्यामुळे डोंगराची कड स्पष्ट दिसते. थोडक्यात, विलायती शरद निरोपाचा आहे, तर आपला घरात धान्य येण्याचा. (कीट्सच्या कवितेतही फळे आणि धान्यच भरपूर आहे, गळणारी पाने आपल्या मनात कॅलेंडरांनी जास्त भरली आहेत, असे मला वाटते.)

आता एका परदेशी बाईचे उदाहरण देते, कारण आपल्या पुढच्या विवेचनाला ते फार जवळचे आहे. अ‍ॅना मेरी रॉबर्टसन मोझेस ही अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यातली शेतकरी बाई. जन्म १८६० चा. वयाच्या बाराव्या वर्षी ती दुसऱ्यांच्या घरी कामाला राहिली. पुढे लग्न झाले, दहा मुले झाली, त्यांतली पाच जगली. लहानपणी ती द्राक्षाचा आणि लिंबाचा रस काढून त्याने चित्रे रंगवी. आम्हा नाशिककरांना द्राक्षाचा हा उपयोग अजून सुचलेला नाही! संसारात चित्रे मागे पडली. म्हातारपणी ती लोकरीने कापडावर चित्रे भरू लागली; पण संधिवाताने सुई धरवेना, म्हणून सत्तरीनंतर तिने ब्रश हाती घेतला. सफरचंदे कढईत आटवण्याचा दिवस, भोपळ्यांची रास, मेपलच्या रसाची साखर करण्याचे काम हे तिच्या चित्रांचे विषय. गावच्या जत्रेतील प्रदर्शनात तिने मुरंबा आणि चित्रे दोन्ही मांडली, तेव्हा बक्षीस मुरंब्याला मिळाले, चित्रांकडे कोणी पाहिले नाही. १९३८ साली न्यूयॉर्कच्या एका संग्राहकाने गावातल्या औषधाच्या दुकानात तिची चित्रे टांगलेली पाहिली आणि ती सगळी विकत घेतली. १९४० साली न्यूयॉर्क शहरात तिचे स्वतंत्र प्रदर्शन भरले, त्याचे नावच ‘एका शेतकरी बाईने काय रंगवले’ अशा अर्थाचे होते. ‘ग्रँडमा मोझेस’ या नावाने ती जगाला माहीत झाली आणि १९६१ साली, एकशे एक वर्षांची होऊन वारली.

तिची गोष्ट लोक ‘उशिरा मिळालेले यश’ म्हणून सांगतात. मला त्यातला मुरंबा महत्त्वाचा वाटतो. मुरंबा करणारा हात आणि चित्र काढणारा हात एकच होता, एवढे त्या जत्रेतल्या परीक्षकांच्या लक्षात आले नाही.

आपल्याकडे असा हात पाहायचा असेल तर हस्त नक्षत्रात पाहावा. सूर्य साधारण २७ सप्टेंबरच्या सुमारास हस्तात येतो आणि तेथे दोन आठवडे असतो. हस्त म्हणजे हत्ती, या नात्याने त्या दिवसांतल्या पावसाला हत्तीचा पाऊस म्हणतात आणि त्याच दिवसांत हादगा किंवा भोंडला खेळतात. कोठे सोळा दिवस, कोठे नवरात्रात नऊ दिवस. पाटावर हत्तीचे चित्र काढायचे, नाही तर भिंतीवर हत्तींचे चित्र लावून त्याला फळाफुलांच्या माळा घालायच्या, मुलींनी त्याच्याभोवती फेर धरायचा, गाणी म्हणायची आणि शेवटी झाकलेली खिरापत ओळखायची. खानदेशात याच सुमारास भुलाबाई बसते. तेथे चित्राऐवजी मातीच्या मूर्ती असतात. आमची आई मूळची जळगावकडची, त्यामुळे तिला भुलाबाई ठाऊक होती, हत्ती ठाऊक नव्हता. तो ती लग्नानंतर पंचवटीत शेजारणींकडून शिकली. तिची शाळा चौथीपर्यंतची. कॉलेजची पायरी चढणारी आमच्या घरात मी पहिलीच.

आईची पद्धत मी यंदा जवळ बसून नीट पाहिली. ती सोंडेपासून सुरुवात करीत नाही. आधी पाटावर ओले फडके फिरवते आणि कोळशाने पाठीची एकच कमान ओढते. विचारले तर म्हणाली, “अगं, पाठ पाटात बसली की हत्ती बसला. सोंड काय, उरलेल्या जागेत वळवता येते.” चित्रकलेच्या पुस्तकात ज्याला रचना म्हणतात ती हीच, असे मला वाटते. मग अंग तांदळाने भरायचे, कडेला मुगाची एक ओळ, डोळ्याला मसुराचा दाणा, झुलीला हळद आणि कुंकू. तांदूळ ओतायचे नाहीत. चिमटीतून सोडायचे, म्हणजे दाणे एका दिशेने पडतात आणि कातडीला सुरकुतीसारखी रेघ येते. ही गोष्ट तिला कोणी सांगितलेली नाही. रोज तांदूळ निवडणाऱ्या बोटांना ती कळलेली आहे. खेळ संपला की हत्ती पुसून टाकायचा आणि दाणे पाखरांना टाकायचे.

माळेसाठीची सामग्री परसातली. परस हा शब्द आमच्या घराला मोठाच होतो. मागच्या मोरीजवळ तेलाचे रिकामे डबे आहेत, त्यांत तुळस, गवती चहा, चार मिरच्या, आणि एका डब्यातून पत्र्यावर चढवलेला दोडका. दोडक्याचे फूल सकाळी उमलत नाही, संध्याकाळी उमलते. म्हणजे बरोबर मुली फेराला जमतात तेव्हा पत्र्यावर पिवळी फुले उघडलेली असतात. दिवसा येणाऱ्या पाहुण्याला तो वेल नुसता हिरवा वाटेल. ज्याने वेल लावला आहे त्यालाच तो पिवळा माहीत असतो. घरच्या बागेचा चित्रकाराला उपयोग कोणता, असे कोणी विचारले तर मी हेच उदाहरण देईन.

दुसरे उदाहरण घटाचे. घटस्थापनेला मातीत धान्य पेरतात आणि नऊ दिवसांत ते वीतभर वाढते. दसऱ्याला तेच तुरे पुरुष टोपीत खोवतात. हे कोंब हिरवे नसतात, फिकट पिवळे असतात. घराच्या अंधाऱ्या कोपऱ्यात उजेड पोचत नाही आणि उजेडावाचून पानात हरितद्रव्य तयार होत नाही, हे त्याचे कारण. पण देव्हाऱ्याजवळ, समईच्या प्रकाशात तो पिवळा असा दिसतो की बाजारच्या रंगपेटीतला कोणताच पिवळा त्याच्या जवळ जात नाही. मी तीन वेळा प्रयत्न केला. थोड्या पिवळ्यात पुष्कळ पाणी आणि किंचित हिरवा असे करून बरेचसे साधले.

रंगपेटीचा विषय निघालाच आहे तर थोडे तेही सांगते. हळदीत चुना मिसळला की लाल होतो आणि त्यावर लिंबू पिळले की परत पिवळा येतो. हळद-कुंकवाच्या दोन रंगांमागचे रसायन ते हेच. शरदात प्राजक्ताचा सडा पडतो. त्याचे केशरी देठ वाळवून गरम पाण्यात टाकले तर सुंदर नारिंगी पाणी उतरते. जून भेंडी आडवी कापली की पाच कोनांचा ठसा मिळतो. पांढऱ्यासाठी तांदळाचे पीठ किंवा शिरगोळ्याची रांगोळी. यातला हळदीचा रंग उन्हात उडतो, प्राजक्ताचाही टिकत नाही. पुष्कळांना हा दोष वाटतो. मला वाटते, जे चित्र संध्याकाळी पुसायचेच आहे त्याला टिकाऊ रंगाची गरजच नव्हती, आणि म्हणून तो शोधण्याच्या भानगडीत कोणी पडले नाही.

पण चित्र पुसायचे थांबले तर काय होते? याचे उत्तर आपल्या जिल्ह्याच्या पश्चिमेस मिळते. पेठ, सुरगाणा, हरसूल आणि त्यापलीकडे जव्हार, मोखाडा, डहाणू, तलासरी या भागांत वारली समाज राहतो. लग्नात घराच्या आतल्या भिंतीवर सवाशिणी चौक लिहितात, त्यात पालघट देवी असते. भिंत शेणामातीने आणि गेरूने सारवलेली, रंग म्हणजे पाण्यात कालवलेले तांदळाचे पीठ आणि थोडा डिंक, ब्रश म्हणजे टोक चावून मऊ केलेली बांबूची काडी. म्हणजे देवी ज्या भातातून यायची तोच भात भिंतीवर चढतो. कणसरी ही तर धान्याचीच देवी. चित्रांत दिसणारा तारपा हे वाद्यही वेलीवरचे आहे. वाळवलेला दुधी भोपळा, बांबूच्या नळ्या, ताडाचे पान आणि मेण यांतून ते होते आणि नवे भात आले की वाजू लागते. हादग्यात मुली चित्राभोवती फेर धरतात, वारली चित्रात फेरच चित्राच्या आत गेला आहे, एवढाच मला फरक दिसतो.

१९७० नंतरच्या वर्षांत भास्कर कुलकर्णी यांनी हे काम भिंतीवरून कागदावर आणण्यास उत्तेजन दिले. तेव्हा पुढे आले ते जिव्या सोमा मशे. त्यांचा जन्म १९३४ चा, राहणे डहाणू तालुक्यातील गंजाड येथे. लहानपणी आई गेल्यावर हा मुलगा बोलेनासा झाला होता आणि धुळीत चित्रे काढून मनातले सांगत होता. लग्नाची वाट न पाहता ते रोज चित्र काढू लागले. १९७५ साली मुंबईच्या केमोल्ड गॅलरीत त्यांचे प्रदर्शन झाले, १९७६ साली राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, २०११ साली पद्मश्री. २०१८ साली ते निवर्तले. वारली चित्राला २०१४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. त्यांची जाळी, मुंग्या, भाताची खाचरे पाहिली की या मानाबद्दल शंका राहत नाही, आणि या कामावर कित्येक घरांच्या चुली पेटल्या हेही विसरता येत नाही.

तरीही एक गोष्ट मला बोचते. भिंतीवर लिहीत होत्या त्या सवाशिणी. कागद आला, विक्री आली, तेव्हा पुढे आले ते बहुतांशी पुरुष. पिठाच्या जागी पुष्कळांनी बाटलीतला पांढरा पोस्टर रंग घेतला. चित्र बारमाही झाले. ऋतू, अन्न आणि बाई या तिघांचा चित्राशी जो सांधा होता तो सैल झाला. मशे यांच्यासारख्या थोर कलावंताकडे याचा दोष जात नाही. ‘हौशी’पासून ‘कलावंत’ होण्याची वाट बाजारातून जाते, आणि त्या वाटेवर स्वयंपाकघर बरोबर नेता येत नाही, असे दिसते. नेता येईल का, यावर आपल्या प्राध्यापकांनी लिहावे अशी विनंती आहे.

तोवर एक छोटी सूचना. पुष्कळ महाविद्यालयांच्या स्नेहसंमेलनात चित्रांचे प्रदर्शन सभागृहात आणि रांगोळी स्पर्धा जिन्याखाली असते. पाककृतींचे टेबल आणखी कोठेतरी. ही तिन्ही एका दालनात मांडावीत आणि विद्यार्थ्यांनी आपल्या घरातील एकेका व्यक्तीला, शिकलेली असो वा नसो, पाटावर काढायला घेऊन यावे. फक्त ते जानेवारीत करू नये. जानेवारीत प्राजक्त नसतो, आमच्या पत्र्यावरचा दोडका वाळलेला असतो, आणि आई म्हणते, हस्त गेल्यावर हत्ती काढत नाहीत.