जुन्या गाडीचे कूलंट : निवड आणि निगा

आपल्या व्यापारी आणि कारागीर बांधवांपैकी अनेकांकडे पंधरा-वीस वर्षे वापरलेली गाडी आहे. मारुती ८०० चे उत्पादन २०१४ मध्ये आणि ऑम्नीचे २०१९ मध्ये बंद झाले, तरी सुताचे कोन अन् कापडाचे तागे वाहायला अशा गाड्या अजून वापरात आहेत. मालक ऑइल वेळेवर बदलतो, टायर पाहतो. रेडिएटरमध्ये मात्र नळाचे पाणी ओतून मोकळा होतो. भिवंडीहून माल भरून मालेगावकडे निघालेली गाडी कसारा घाटात वाफा सोडते, तेव्हा या गफलतीची किंमत कळते. इंजिनाचे हेड वाकले की फेसिंग, गॅस्केट आणि मजुरीचा खर्च तर येतोच. शिवाय सणाच्या तोंडावर माल वेळेवर पोचला नाही तर गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानी जाते.

नळाच्या किंवा बोअरच्या पाण्यात वाईट काय, असे पुष्कळजण विचारतात. आमच्या धंद्यातील माणसाला हे समजावून सांगायला नको. जड पाण्यात रंग नीट चढत नाही हे रंगारी जाणतो आणि सायझिंगवाल्याला बॉयलरमधला क्षाराचा थर ठाऊक असतो. तोच थर इंजिनाच्या आतल्या वाटांत बसतो. तो उष्णता बाहेर जाऊ देत नाही आणि रेडिएटरच्या बारीक नळ्या हळूहळू बंद करतो. वरून लोखंडाला गंज चढतो तो वेगळाच.

कूलंट म्हणजे इथिलीन ग्लायकॉल, पाणी आणि गंजरोधक द्रव्ये यांचे मिश्रण. निम्मे ग्लायकॉल व निम्मे पाणी असेल तर ते उणे ३५ अंशांच्या आसपासही गोठत नाही. महाराष्ट्रात हे काय कामाचे, हा प्रश्न रास्त आहे. आपल्याला खरी गरज गंजरोधक द्रव्यांची आणि उकळबिंदू वाढवण्याची. म्हणून फार पातळ करू नये आणि नुसते घट्ट कूलंटही भरू नये. उष्णता वाहून नेण्यात पाणी ग्लायकॉलपेक्षा सरस आहे.

निवड करताना रंगावर जाऊ नये. हिरवा, लाल, निळा हे कंपनीने घातलेले रंग आहेत, त्याला कोणतेही सक्तीचे प्रमाण नाही. पाहायचे ते आतले द्रव्य. जुन्या पद्धतीच्या कूलंटमध्ये सिलिकेटसारखे क्षार असतात. ते साधारण दोन वर्षांत क्षीण होते. नव्या सेंद्रिय आम्लांच्या कूलंटला पाच वर्षांपर्यंतची मुदत सांगतात. अॅम्बेसेडर किंवा पद्मिनीसारख्या गाडीत तांब्या-पितळेचा, शिशाच्या डाखाने जोडलेला रेडिएटर असेल, तर आमच्या मते जुन्या पद्धतीचेच बरे, कारण डाखाला त्याचे संरक्षण अधिक मिळते. अॅल्युमिनियमचा रेडिएटर असेल तर गाडीच्या पुस्तकात जे लिहिले असेल ते घ्यावे. दोन प्रकार एकत्र करू नयेत. गंजरोधक द्रव्यांचा जोर कमी होतो आणि कधी कधी लगदाही धरतो. बाटलीवर आय.एस. ५७५९ किंवा जे.आय.एस. के २२३४ असे मानक छापले आहे का, ते पाहावे. नुसते रंगीत पाणीही बाजारात कूलंट म्हणून खपते. चार पैसे वाचतात, पण कापडात जसे कच्च्या रंगाचे, तसे हे.

तयार मिश्रण आणि घट्ट कूलंट यांतही फरक आहे. तयार मिश्रणात पुन्हा पाणी घालायचे नाही. घट्ट कूलंटमध्ये डिस्टिल्ड वॉटर घालावे, म्हणजे बॅटरीत घालतो तेच.

बदलताना इंजिन पूर्ण थंड हवे. गरम रेडिएटरचे झाकण उघडणारा उस्ताद कितीही अनुभवी असो, वाफ त्याचा लिहाज करीत नाही. जुने पाणी काढून स्वच्छ पाणी भरावे, हीटर असल्यास चालू ठेवून थर्मोस्टॅट उघडेपर्यंत इंजिन चालवावे, थंड झाल्यावर पुन्हा काढावे. पाणी स्वच्छ येईपर्यंत हे करावे. आता एक हिशेब. कितीही काढले तरी इंजिनात थोडे पाणी उरतेच. म्हणून एकूण क्षमता चार लिटर असेल तर आधी दोन लिटर घट्ट कूलंट मोजून ओतावे, मग उरलेली जागा डिस्टिल्ड वॉटरने भरावी. प्रमाण बरोबर राहते. झाकण उघडे ठेवून थंड इंजिन सुरू करावे, बुडबुडे थांबेपर्यंत चालू द्यावे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पातळी पुन्हा पाहावी.

वर्षानुवर्षे नुसत्या पाण्यावर चाललेल्या गाडीत एहतियात हवी. गंजानेच बुजलेली छिद्रे धुतल्यावर उघडी पडतात आणि लोक कूलंटला दोष देतात. आधी होज पाइप, क्लॅम्प आणि वॉटर पंप तपासून घ्यावेत. गळतीवर रेडिएटरमध्ये हळद टाकण्याचा इलाज रस्त्यात अडकलेल्याने केला तर समजू शकते, पण तो कायम ठेवला तर नळ्या तुंबतात. थर्मोस्टॅट काढून टाकण्याची मिस्त्रींची सवयही आम्हांला पसंत नाही. इंजिन थंडच राहते, पेट्रोल जास्त जाते.

झाकणाकडे कोणी पाहत नाही. त्यावर ०.९ असा आकडा असेल तर तेवढा दाब ते धरते, आणि त्या दाबाखाली साधे पाणीदेखील सुमारे ११९ अंशांना उकळते. रबर कडक झाले की दाब गेला, मग पाणी शंभरालाच उकळते. झाकण स्वस्त असते, बदलावे.

आठवड्यातून एकदा थंड इंजिनावर पातळी पाहावी. तांबूस रंग म्हणजे गंज. दुधाळ तवंग दिसला किंवा गळती नसताना पातळी उतरू लागली, तर हेड गॅस्केटचा संशय घ्यावा आणि गाडी घाटात नेऊ नये.

काढलेले कूलंट गल्लीत ओतू नये. ते विषारी आहे, मूत्रपिंडे निकामी करते, आणि चवीला गोड असल्याने कुत्री, बकऱ्या, लहान मुले त्याला तोंड लावतात. पिण्याच्या पाण्याच्या किंवा शरबताच्या बाटलीत तर मुळीच ठेवू नये. झाकणाच्या डब्यात भरून, वर चिठ्ठी लावून गॅरेजवाल्याच्या हवाली करावे.