घटक ४ : समाजमाध्यमे, अंकीय साधने आणि बोलीचा अभ्यास

४.१ उद्दिष्टे
या घटकाच्या अभ्यासानंतर आपणांस
• भ्रमणध्वनीचा उपयोग बोलीच्या नोंदीसाठी करता येईल.
• ध्वनिमुद्रित बोली आणि टंकलिखित मजकूर यांतील फरक सांगता येईल.
• समाजमाध्यमांवरील भाषाविषयक विधाने पडताळून पाहता येतील.

४.२ प्रास्ताविक
विद्यार्थी मित्रहो, दूरशिक्षणाचा विद्यार्थी बहुधा एकटाच वाचतो. नोकरी, शेती, घरकाम उरकल्यावर पुस्तक उघडावे, तर शंका विचारायला समोर कोणी नसते. ही उणीव व्हॉट्सअ‍ॅपवरील अभ्यासगट काही अंशी भरून काढतो. परंतु आलेली टिपणे पुढे पाठविणे म्हणजे अभ्यास नव्हे. साधनाने विद्यार्थ्याला निरीक्षक बनविले, तरच ते अध्ययनाचे साधन ठरते.

४.३ विषय-विवेचन

४.३.१ जिल्ह्यातील एक उदाहरण
सोलापूर जिल्ह्याच्या माढा तालुक्यातील परितेवाडी येथील जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० मध्ये 'ग्लोबल टीचर प्राइझ' मिळाले. पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड घालून त्यांद्वारे कविता, गोष्टी व पाठ ऐकण्या-पाहण्याची सोय करणे आणि पाठ विद्यार्थ्यांच्या मातृभाषेत नेणे, या कार्याचा तेव्हा गौरव झाला. येथे पुस्तक बाजूला पडले नाही. त्याला ध्वनीची जोड मिळाली. महाविद्यालयीन भाषाभ्यासातही हेच सूत्र उपयोगी पडते.

४.३.२ ध्वनी आणि टंकलेखन
अक्कलकोट तालुका कर्नाटकाच्या सीमेला लागून आहे. येथील अनेक घरांत मराठी व कन्नड या दोन्ही भाषा नांदतात. आमच्या वर्गाच्या गटावर एका विद्यार्थिनीने आपल्या सासूबाईंच्या बोलण्याचे ध्वनिमुद्रण पाठविले आणि थोड्याच वेळात ते काढूनही टाकले. कारण विचारता ती म्हणाली, "सर, ती मराठी शुद्ध नाही." भाषेच्या अभ्यासकाने सर्वप्रथम दूर करावयाचा समज हाच होय. बोली ही अशुद्ध प्रमाणभाषा नसून तिला स्वतःचे नियम असतात.

उदाहरणार्थ, प्रमाण मराठीतील 'काय करतो आहेस?' हा प्रश्न सोलापूरकडे 'काय करायलास?' असा विचारला जातो. उत्तर कर्नाटकातील कन्नड बोलीत त्यासाठी 'एन् माडाकत्ती?' असे म्हणतात. तेथे 'माडु' म्हणजे करणे, तर 'हत्तु' म्हणजे लागणे. मराठी रूपामागेही 'करायला लागणे' ही रचना असावी, असे मानण्यास जागा आहे. मात्र हे साम्य कोणत्या भाषेकडून कोणत्या भाषेत आले, की ते स्वतंत्रपणे घडले, हे एका वाक्यावरून ठरत नाही. त्यासाठी अनेक गावांतील नोंदी हव्यात.

टंकलेखन करताना मात्र बोलणारी व्यक्तीच नकळत 'करायलास'चे 'करतोयस' करते. कळफलकाच्या सूचनाही बहुधा प्रमाण रूपाकडे नेतात. मग पुरावाच नाहीसा होतो. म्हणून बोलीची नोंद आधी ध्वनीत करावी, नंतर जसे ऐकू आले तसे लिहावे. एका प्राध्यापकाला शंभर गावे फिरणे कठीण. गावोगावी विखुरलेल्या आपणांस मात्र हे काम घरबसल्या करता येते.

४.३.३ पडताळणी
शब्दांच्या उगमाविषयी समाजमाध्यमांवर अनेक विधाने ठामपणे केली जातात. त्यांवर विसंबू नये. मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश (१८३१, दुसरी आवृत्ती १८५७) आणि मराठी विश्वकोश आज महाजालावर खुले आहेत. शब्द तेथे पाहावा, अर्थ टिपावा आणि मगच गटावर मत मांडावे.

४.४ सारांश
अंकीय साधन माहिती पोहोचविते. अभ्यास मात्र ऐकणे, नोंदविणे, तुलना करणे आणि पडताळणे यांतून घडतो. आपल्या घरातील बोली हीच या अभ्यासाची पहिली सामग्री होय. ज्या विद्यार्थिनीचा वर उल्लेख केला, तिने ते ध्वनिमुद्रण पुढे पुन्हा पाठविले. वरील चर्चेचा आरंभ त्यातूनच झाला.

४.५ क्षेत्रीय कार्य
१. घरातील अथवा गावातील एका वयस्क व्यक्तीची संमती घेऊन तिचे पाच मिनिटांचे बोलणे ध्वनिमुद्रित करा. संमतीवाचून ते कोणत्याही गटावर पाठवू नका.
२. त्यातील पाच क्रियापदरूपे ऐकू आली तशी लिहा व त्यांसमोर प्रमाण रूपे मांडा.
३. कोणताही एक अपरिचित शब्द कोशात शोधा. तो न आढळल्यास त्याचा अर्थ बोलणाऱ्या व्यक्तीलाच विचारून नोंदवा.