उपकाराची वही वेगळी, सातबारा वेगळा

नवरा गेल्यावर भेटायला येणारा जो तो एकच सांगतो, लेकरांकडं बघून समाधान मान. आमच्या कळमनुरीकडं ते जरा मायेनं म्हणतात, "माय, देवानं पदरात दोन टाकलेत, आणखी काय पाहिजे?" म्हणणाऱ्याच्या मनात वाईट नसतं. पण या समाधानाच्या मागोमाग काय काय दारात येतं ते मी पाहिलंय. ज्यांच्या घरात हे नुकतंच घडलंय त्यांच्यासाठी म्हणून लिहिते.

दिवाळी झाली होती. यजमान रात्री हळदीला पाणी द्यायला गेले. शेताला लाईट रात्रीची, आणि बांधावर साप. त्याबद्दल एवढंच.

हळद नऊ महिन्यांचं पीक. ती माणसासाठी थांबत नाही. पाला वाळला, कापला, कंद वर आले, तेव्हा मजूर बायांच्या ओळीत मीही बसले. गड्डे एकीकडं, हळकुंडं एकीकडं, माती झाडायची, पाट्या भरायच्या. मग शिजवणीचा कुकर भाड्यानं आला. काडी टोचली आणि अलगद आत गेली की शिजली. पुढं वाळवण, ढोलात पॉलिश, आणि शेवटी हिंगोलीच्या मार्केट यार्डात काटा. हात कोपरापर्यंत पिवळे, आणि त्याच संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत गल्लीतल्या हळदीकुंकवाला मला बोलावणं नाही! कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं ४ मे २०२२ रोजी विधवांच्या प्रथा बंद करण्याचा ठराव केला, त्याच महिन्यात सरकारनंही बाकीच्या गावांना तसं करायला सांगणारं परिपत्रक काढलं. परिपत्रक गल्लीत पोचायला वेळ लागतो. शेजारच्या वहिनी मात्र एका संध्याकाळी मागच्या दारानं नाही, पुढच्या दारानं आल्या, कुंकू लावलं आणि वाण हातात दिलं. चहाची स्टीलची गाळणी होती. "जुनी फाटलीये ना तुमची," म्हणाल्या.

ती गाळणी मी वहीत लिहिली.

लग्नात आहेराची वही असते तशीच ही. कुणी काय केलं, कधी केलं, एका ओळीत. 'फाट्यावरचा दूधवाला: रात्री दवाखान्यात गाडी, डिझेलचे पैसे घेतले नाहीत.' 'किराणावाले काका: उधारी, तोंडातून शब्द काढला नाही.' 'धाकटीच्या बाई: सहलीचे पैसे परस्पर भरले.' मन थाऱ्यावर ठेवायचं तर माझ्या मते हे करा, पण नावानिशी करा. आरोग्य आहे, निसर्ग आहे, आकाश निळं आहे, असलं लिहू नका. दुःखात ते पोकळ वाटतं आणि वाटलंच पाहिजे. माणूस लिहा, वस्तू लिहा. काही रात्री एकही ओळ सुचायची नाही. तेव्हा नुसती तारीख टाकून पान कोरं सोडायचं. खोटी ओळ लिहायची नाही.

आता सावध राहायची गोष्ट. ज्याचं नाव या वहीत सगळ्यात जास्त वेळा आलं, तेच नात्यातलं माणूस एका दुपारी स्टॅम्पपेपर घेऊन आलं. जमिनीतलं हक्कसोडपत्र. "दवाखान्यापासून तेराव्यापर्यंत आम्हीच उभे होतो. पुढंही आम्हीच बघणार. सही तेवढी करून द्या." धावून आले होते, ते खरंच होतं. आणि म्हणूनच नाही म्हणणं जड गेलं. परक्यानं मागितली असती तर दार लावून घेतलं असतं. मी वही काढली, दवाखान्यात त्यांनी भरलेली रक्कम वाचून दाखवली, म्हटलं, "हळद विकली की हे देते. सही देणार नाही." चार महिने बोलणं बंद होतं. पैसे दिले, पुढं बोलणंही सुरू झालं.

तर बायांनो, उपकार पैशानं फेडा, कामानं फेडा, त्यांच्या घरच्या कार्यात आठ दिवस राबून फेडा. जमिनीनं फेडू नका. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानं नवऱ्याच्या नावच्या जमिनीत बायको, मुलगे, मुली आणि नवऱ्याची आई यांचा सारखा हिस्सा आहे. म्हणजे आपला जितका, तितकाच सासूबाईंचाही. तोही कुणाला गिळू देऊ नका आणि आपणही गिळू नका. लेकरं लहान असतील तर सातबाऱ्यावर त्यांची नावं 'अ.पा.क.' (अज्ञान पालन कर्ता) म्हणून आईच्या नावानं लागतात, आणि त्यांचा हिस्सा न्यायालयाच्या परवानगीशिवाय आईलाही विकता येत नाही. कुणी घाई केली तर हेच सांगा.

आणि रडता रडताच काही कागद करावे लागतात. मृत्यूची नोंद २१ दिवसांत. वारसाची खबर तलाठ्याकडं तीन महिन्यांत. शेतकऱ्याचा मृत्यू साप चावून, वीज पडून किंवा दुसऱ्या अपघातानं झाला असेल तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत दोन लाख मिळतात. त्याचा अर्ज तालुका कृषी कार्यालयात ३० दिवसांच्या आत. म्हणून दवाखान्यातून शवविच्छेदनाच्या अहवालाचं काय ते त्याच दिवशी विचारून ठेवायला एक शहाणं माणूस नेमा. घरातलं असलंच पाहिजे असं नाही. आमच्याकडं हे किराणावाल्या काकांनी केलं, आणि त्यांची ती ओळ वहीत ठळक आहे.

अर्जाच्या पोचपावत्या मात्र त्या वहीत खुपसू नका. त्यांना प्लास्टिकची वेगळी पिशवी करा, प्रत्येक कागदाच्या दोन झेरॉक्स काढा, आणि मूळ कागद कुणाच्याही हाती, अगदी दूधवाल्याच्याही, देऊ नका.