कुजक्या लांकडावरील लिबलिबीत बुरशी

आषाढ लागला व चार दिवस संततधार झाली, म्हणजे चिंचवड-निगडीच्या रस्त्यांकडेला पडलेल्या ओंडक्यांवर आणि चाकणच्या कारखान्यांमागें भिजत पडलेल्या लांकडी खोक्यांवर एक चमत्कारिक पीक येऊं लागतें. कोठें तपकिरी कान, कोठें नारिंगी जिभा, आणि दाट ओलसर झाडींत क्वचित् पांढरा, फुलासारखा, थरथरणारा झुबका. हीं सारीं एकाच घरचीं असावींत, असें सहज वाटतें. विद्यार्थ्यांनीं प्रथम हीच समजूत टाकावी, असें आम्ही सुचवितों.

लिनियससारख्या पंडितासही हा मोह आवरला नाहीं. १७५३ सालच्या आपल्या ग्रंथांत त्यानें कानासारख्या बुरशीस 'ट्रेमेला', म्हणजे थरथरणारी, या वर्गांत घातलें. आणि त्याच वर्गांत पावसाळ्यांत आपल्या मुरमाड मैदानांवर पसरणारें हिरवट, बुळबुळीत नॉस्टॉकही बसविलें! नॉस्टॉक ही बुरशी नव्हेच. तें जमिनीवर वाढतें व सूर्यप्रकाशांत आपलें अन्न आपणच तयार करतें. लिबलिबीतपणा ही केवळ ऊन-पावसाशीं जुळवून घेण्याची तऱ्हा आहे. या बुरश्यांचे तंतू पाणी शोषून फुगतात, उन्हांत आकसून शिंगासारखे कठीण होतात, आणि पुढच्या सरीला फुगून पुन्हा बीजाणू सोडूं लागतात. म्हणून सुकलेला काळपट तुकडा मेला असें समजून फेकूं नये. वाटीभर पाण्यांत घालून पाहावा.

तपकिरी कान तो ऑरिक्युलेरिया. त्याच्या पाठीवर बारीक लव असते, आंतली बाजू गुळगुळीत असते, आणि ओढल्यास तो रबरासारखा ताणतो. (युरोपांत त्यास यहूदा इस्कार्योताचा कान म्हणत, ज्या झाडाला त्यानें गळफास घेतला त्या झाडावर हे कान उगवतात, अशी दंतकथा आहे.) नारिंगी, चपट्या, उलथन्याच्या पात्यासारख्या जिभा त्या डॅक्रिओपिनॅक्स. त्या कापीव लांकडावरही येतात. रंग फसवितो, पण खालचें लांकूड सहसा फसवीत नाहीं. कानाखालचें लांकूड पांढुरकें व तंतुमय होतें, तर जिभांखालचें तपकिरी होऊन त्याचे चौकोनी ठोकळे पडतात. पांढऱ्या झुबक्याची, म्हणजे ट्रेमेलाची, गोष्ट सर्वांहून निराळी. तो लांकूड खात नसून लांकडावरील दुसऱ्या एका काळ्या, खडबडीत बुरशीवर जगतो. झुबका दिसल्यास शेजारीं तसे काळे फोड शोधावेत. सांपडले तर ओळख बरीच पक्की झाली.

शेवटचा निवाडा मात्र सूक्ष्मदर्शकाचा. बीजाणू धरणारी पेशी ऑरिक्युलेरियांत लांबट असून आडव्या पडद्यांनीं चार खणांत विभागलेली असते. ट्रेमेलांत ती उभी चिरलेल्या पेरूसारखी चार फांकांची. आणि डॅक्रिओपिनॅक्सांत बेचकीसारखी दुबेळकी. तीन घरांचीं तीन चिन्हें तीं हींच.

आतां खाण्याविषयीं. कान चीन देशांत आवडीनें खातात हें खरें. पण आमच्या भागांतील लांकडाचा इतिहास कोणास ठाऊक? परदेशीं माल पाठविण्याच्या खोक्यांवर 'एमबी' असा छाप असल्यास त्यांस मिथिल ब्रोमाइडचा विषारी धूर दिलेला असतो. शिवाय रंग, तेल, जड धातू यांतून जें लांकडांत मुरतें, तें बुरशी शोषून घेऊं शकते. म्हणून औद्योगिक पट्ट्यांतील लांकडावरची बुरशी, ओळख अगदीं निश्चित असली तरी, तोंडांत घालूं नये.

नमुना घेतांना लहानसा तुकडा सालीसकट कागदी पिशवींत ठेवावा. प्लास्टिकच्या पिशवींत तो घामेजून सडतो. झाडाचें नांव, स्थळ व तारीख तेथेंच टिपावी. घरीं येऊन लिहूं म्हटल्यास निम्में विसरतें. राजगुरुनगरावरून भीमाशंकरास जाणाऱ्यांनीं मात्र वही व कॅमेरा यांवरच भागवावें. १९८५ पासून तें अभयारण्य आहे व तेथून परवानगीवांचून कांहींही उचलण्यास कायद्यानें मनाई आहे. बुरश्यांचा राष्ट्रीय संग्रह आपल्या पुण्यांतच आघारकर संशोधन संस्थेंत आहे. १९४६ मध्यें ती महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी म्हणून सुरू झाली. संस्था आघारकरांच्या नांवाची आणि रस्ता आगरकरांच्या नांवाचा, एवढें ध्यानांत ठेवलें म्हणजे पत्ता चुकत नाहीं.